‘ढ’ कोणाला म्हणावे?

संध्याकाळची जेवणे आटोपली की हल्ली गावोगाव टीव्हीपुढे सारे घर गोळा होते. बातम्या होतात, मालिका होते आणि मध्येच कधी एक गंमत दाखवतात. एक तरुण हातात माइक घेऊन शहरातल्या रस्त्यावर उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो विचारतो, “महाराष्ट्राला लागून कोणकोणती राज्ये आहेत?” समोरची कॉलेजातली मुलगी गोंधळते, हसते आणि म्हणते, “गुजरात... आंध्र... उत्तर प्रदेश?” लगेच भोंगा वाजतो, पडद्यामागून हशा येतो, आणि ओसरीवर बसलेले आपणही हसतो. कोणीतरी म्हणते, “बघा, एवढी शिकली, नटली-थटली, पण डोकं रिकामंच!” उद्या त्याच खेळात एखादा धोतर-टोपीवाला सापडला, तर शहरातल्या घरात हेच वाक्य थोड्या फरकाने ऐकू येते: “खेड्यातला तो, त्याला काय कळणार!”

आता जरा थांबा आणि तोच प्रश्न स्वतःला विचारा. पुढची ओळ वाचण्याआधी बोटांवर मोजा.

गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा, अशी सहा राज्ये झाली. शिवाय दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश. किती जमली? त्या मुलीचे ‘आंध्र’ हे उत्तर चुकले खरे. पण २ जून २०१४ पर्यंत ते बरोबर होते. त्या दिवशी तेलंगणा वेगळे झाले आणि आंध्राची व आपली शीव सुटली. तसेच १ नोव्हेंबर २००० च्या आधी कोणी ‘छत्तीसगड’ म्हटले असते तर भोंगा त्याच्यावर वाजला असता.

आपल्या हिंगोलीकडे तर हा प्रकार फारच मजेचा आहे. पंच्याऐंशीच्या घरातले एखादे आजोबा डोळ्यांपुढे आणा. जन्मल्यापासून त्यांनी आपला वाडा सोडलेला नाही. ते लहान असताना गाव निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. मग १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा निघाला. घर जागचे हलले नाही, पत्ता मात्र चार वेळा बदलला! असे आजोबा आजही “आमचा जिल्हा परभणी” असे बोलून जातात. माइकवाला त्यांना अडाणी ठरवील. वास्तविक त्यांच्या ध्यानात जेवढा इतिहास आहे, तेवढा त्या माइकवाल्याच्या चिठ्ठीवर नसतो.

हा टीव्हीवरचा खेळ कसा तयार होतो, तेही समजून घेतले पाहिजे. समजा, सकाळपासून चाळीस जणांना थांबवले. तीस जणांनी बरोबर उत्तर दिले. बरोबर उत्तराला कोण हसणार? ते तीस जण कात्रीत गेले. उरलेल्या दहांपैकी जे अधिक गोंधळले, ज्यांचे तोंड जास्त पडले, असे पाच-सहा आपल्यापुढे आले. पाहणाऱ्याला वाटते, सगळा देशच असा आहे. बाजारात हळदीचा भाव ठरवताना कोणी पोत्याच्या तळची किडकी हळकुंडे तेवढी निवडून आणली आणि म्हणाला, “हा घ्या तुमच्या वसमतच्या हळदीचा नमुना,” तर आपण ऐकून घेऊ का? नमुना म्हणून जे दाखवले जाते ते कोणी निवडले, हे विचारायला कास्तकाराला शिकवावे लागत नाही. टीव्हीपुढे बसल्यावर मात्र आपण ते विसरतो.

शिवाय अंगावर प्रखर दिवा, तोंडासमोर माइक आणि भोवती गर्दी असली की माणसाला स्वतःच्या मुलांची नावेही क्रमाने आठवत नाहीत. आकाशवाणीवर बोलायला येणारी भली विद्वान मंडळी हातात लिहिलेला कागद असतानाही पहिल्या वाक्याला अडखळतात. तेव्हा रस्त्यात अचानक पकडलेल्या माणसाची काय कथा?

पण म्हणून आपल्याकडे भूगोलाचे अज्ञान नाहीच, असे म्हणून पाठ फिरवणे हीसुद्धा फसवणूकच. ते आहे, आणि पुष्कळ आहे. ‘प्रथम’ या संस्थेने २०१७ साली २४ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या अठ्ठावीस हजारांहून अधिक ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. मुलांपुढे भारताचा नकाशा ठेवला. हा कोणत्या देशाचा, हे शंभरातल्या ८६ जणांनी ओळखले. देशाची राजधानी ६४ जणांना सांगता आली. आपण राहतो त्या राज्याचे नाव ७९ जणांनी सांगितले. आणि ते राज्य नकाशावर बोट ठेवून दाखवा म्हटल्यावर? फक्त ४२ जणांना दाखवता आले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या शेवटच्या दोन आकड्यांपाशी थोडे थांबू या. ७९ मुलांना नाव येते, पण जागा दाखवता येते ४२ जणांना. मधली ३७ मुले बुद्धीने कमी आहेत काय? कमी असती तर नावही आले नसते. त्यांच्या हातात नकाशा कधी दिलाच गेला नाही, एवढाच याचा अर्थ. नकाशा वाचणे ही सायकल चालवण्यासारखी सवय आहे. सायकल नुसती लांबून दाखवून कोणी चालवायला शिकत नाही. आणि आपल्या किती शाळांत नकाशा कपाटावर गुंडाळून ठेवलेला किंवा मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच टांगलेला असतो! काही ठिकाणी तर तो इतका जुना, की त्यात हिंगोली जिल्हाच नाही.

हे अज्ञान केवळ खेड्यातलेही नाही. अमेरिकेत नॅशनल जिओग्राफिक संस्थेने २००६ साली १८ ते २४ वयाच्या तरुणांची अशीच चाचणी घेतली. त्या देशाचे सैन्य तीन वर्षे इराकमध्ये लढत होते, रोज बातम्या चालू होत्या. तरी शंभरातल्या ६३ जणांना इराक नकाशावर सापडला नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या एका सौंदर्यस्पर्धेत अठरा वर्षांच्या मुलीला विचारले गेले, की एवढ्या अमेरिकनांना नकाशात स्वतःचा देश का सापडत नाही. ती घाबरून असंबद्ध बोलली. ते बोलणे जगभर दाखवले गेले, आणि ‘सुंदर मुलगी म्हणजे बिनडोक’ या जुन्या समजावर जणू शिक्का बसला. प्रश्न साऱ्या देशाच्या अज्ञानाबद्दलचा होता. हसे मात्र एकट्या मुलीचे झाले.

आपल्याकडे यासाठी एक अक्षरच राखून ठेवले आहे: ‘ढ’. असे का म्हणतात, याची एक गोष्ट सांगतात. अशोकाच्या शिलालेखांतली ब्राह्मी अक्षरे दोन हजार वर्षांत बदलत बदलत आजची झाली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’. गोष्ट खरी असो की मागाहून जुळवलेली असो, ती माझ्या मनाला नेहमी लागते. कारण मुलगा ‘ढ’ होतो तो बहुधा आपण त्याला तसे म्हणाल्यानंतर.

माझ्याच हातून घडलेला एक अपराध सांगतो. मी तेव्हा पैनगंगेच्या काठच्या एका शाळेत होतो. भिंतीवर नकाशा टांगून मी विचारले, “पैनगंगा कोणत्या दिशेला वाहते?” मागच्या बाकावरून एका लेकराने हात वर केला आणि म्हणाला, “खाली, गुरुजी.” वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याला ते अक्षर चिकटवले. मला ‘पूर्वेकडे’ हे उत्तर हवे होते. त्याचे घर नदीच्या अगदी काठावर होते. पूर येताना पाणी आधी कुठल्या नाल्यात चढते, कुठला उतार आधी बंद होतो, हे त्याला जेवढे ठाऊक होते तेवढे मला आजही नाही. त्याच्यासाठी नदी ‘खाली’च वाहत होती, पाणी दुसरीकडे कुठे वाहणार? त्याच्या आणि माझ्यामध्ये फक्त एका शब्दाचे अंतर होते. ते भरून काढायला मला दोन मिनिटे लागली असती. मी ती दिली नाहीत. त्या वर्षी त्याने पुन्हा हात वर केला नाही, आणि पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. बाकीची कारणेही असतील. पण हे एक कारण होतेच, असे माझे मन मला सांगते.

प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा वेगवेगळ्या सवयींत वाढलेले असले की असे होते. रशियातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. तोही आपल्यासारखाच कापूस पिकवणारा मुलूख. त्यांनी न शिकलेल्या शेतकऱ्यांना विचारले: दूर उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशात सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्लिया नावाचे ठिकाण त्याच प्रदेशात आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांच्या उत्तरांचा मथितार्थ असा, की आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसे बोलावे, जे गेले असतील त्यांना विचारा. जे थोडेफार शिकले होते त्यांनी मात्र ‘पांढरी’ असे चटकन सांगितले. आता न पाहिलेल्याबद्दल साक्ष द्यायची नाही, हा मूर्खपणा आहे का? कोर्टात तर हाच शहाणपणा ठरतो! फरक होता तो शाळेतला प्रश्न हाताळण्याच्या सवयीचा, आणि थोड्या शिक्षणाने तो भरून निघत होता.

याहून मनाला चटका लावणारी गोष्ट आपल्याच देशातली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. चक्रव्यूहातून वाट काढायची असते तशी. कोणाची जात जाहीर केली नाही, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटांत मात्र कोडे देण्याआधी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. मुले तशीच, कोडी तीच. पण दलित मुलांची कामगिरी लक्षात येण्याइतकी घसरली. या प्रयोगाचा अहवाल २००६ साली छापून आला. काही मिनिटांत कोणाची बुद्धी आटत नाही. ‘तू कोण आहेस हे आम्हाला माहीत आहे,’ एवढे शब्द कानांवर पडले, आणि हात थबकला. ‘मराठवाड्यातला’, ‘तांड्यावरचा’, ‘खिचडीसाठी शाळेत येणारा’ अशी विशेषणे वर्गात सहज उच्चारणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा तरी आठवावा.

खिचडीवरून आठवले. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत. महिना १५०० रुपये मिळत. २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला, मलाही झाला. पण त्या आनंदातला आश्चर्याचा सूर नीट ऐकला का? “खिचडी शिजवणारी बाई, आणि एवढी हुशार!” हे ‘आणि’ कुठून आले? एखाद्या प्राध्यापकाने एक कोटी जिंकले असते तर आपण ‘आणि’ म्हटले असते का? टीव्हीवर चुकणाऱ्याला हसणे आणि जिंकणाऱ्याकडे आ वासून पाहणे, ही एकाच नाण्याची दोन नाणी पाडावीत तसा प्रकार आहे, टांकसाळ तीच.

माणसांप्रमाणे जागांनाही लोक ‘ढ’ ठरवतात. हिंगोली म्हटले की कोपऱ्यातला, मागासलेला जिल्हा. आणि नेमक्या याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ, ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभारायचे ठरले. २०१६ साली केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात जी सूक्ष्म लहर उठते, ती पकडण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात बांधायच्या. अशी लहर पहिल्यांदा पकडली गेली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांत.

मग तिसरे यंत्र इथे कशाला? हा शुद्ध भूगोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या गुराख्याला कळेल. रानात चुकलेल्या गाईच्या गळ्यातली घंटा वाजली की तो मान वळवून दोन्ही कानांनी कानोसा घेतो. एका कानाला आवाज किंचित आधी येतो, दुसऱ्याला मागाहून. त्यावरून दिशा कळते. आकाशातल्या लहरीचेही असेच. दोनच यंत्रे असली तर ती साधारण कुठल्या पट्ट्यातून आली एवढे समजते, नेमकी जागा समजत नाही. इटलीत आणि जपानमध्येही अशी यंत्रे आहेत. या सर्वांपासून दूर, पृथ्वीच्या वेगळ्या भागावर आणखी एक कान असला की जागा पुष्कळच नेमकी सांगता येते. म्हणजे ज्या लांबपणामुळे हिंगोलीला कोपरा म्हणतात, तोच लांबपणा इथे उपयोगी पडला. शिवाय अशा यंत्राला रहदारीची आणि कारखान्यांची हादऱ्यांची गडबड जवळ नको असते. (आपल्याकडे जमिनीचे स्वतःचे हादरे अधूनमधून बसतात, ही गोष्ट वेगळी. दख्खनचे पठार स्थिर आहे असे पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने ते खोडून काढले. चुकीचा भूगोल फक्त अडाण्यांनाच येतो असे नाही!)

मग वर्गात करायचे काय, असे शिक्षक विचारतील. माझे म्हणणे एवढेच, की नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरा. भिंतीवर टांगलेल्या नकाशाने मुलाच्या मनात ‘उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली’ हे पक्के बसते. मग नदी दक्षिणेलाच वाहिली पाहिजे, असे त्याला वाटू लागते. जमिनीवरचा नकाशा खऱ्या उत्तरेशी जुळवता येतो. आणि उत्तर शोधायची ती मुलांकडूनच शोधून घ्यावी. अंगणात एक काठी सरळ रोवा. दुपारच्या सुमाराला तिच्या सावलीच्या टोकावर दर पाच मिनिटांनी खडा ठेवायला सांगा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हाची रेघ ही उत्तर-दक्षिण रेघ.

घड्याळात बारा वाजले की सावली सर्वांत आखूड होणार, असे आपण मुलांना सांगतो, आणि एखादे पोरगे “नाही गुरुजी, अजून कमी होतेय” म्हणाले तर त्याला गप्प करतो. पोरगे बरोबर असते. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. हिंगोली सत्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपली खरी दुपार वीस-एकवीस मिनिटे उशिरा होते. ऋतुमानाप्रमाणे बारा वाजून पाच मिनिटांपासून पस्तीस मिनिटांपर्यंत मागेपुढे. आणखी एक मौज. साधारण २० मे आणि २४ जुलैच्या सुमाराला हिंगोलीत भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. पुस्तक वाचून हे सांगणारा शिक्षक क्वचितच भेटेल. रानात गुरे राखणाऱ्याला विचारा. त्याने पाहिलेले असण्याचा संभव अधिक.

आणि मुलांच्या घरात भूगोल नाही असे समजू नका. शेताच्या प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट. बांधावरून भांडण झाले की न शिकलेला बापही चारी दिशा बिनचूक सांगतो. तिथूनच सुरुवात करावी. आधी शाळेच्या चतुःसीमा, मग गावाच्या, मग तालुक्याच्या; राज्याच्या शेवटी. सहा राज्यांची नावे मग पाठ करावी लागत नाहीत.

प्रश्न घालतानाही जपावे. ‘पूर्णा नदी कोणत्या नदीला मिळते?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत: विदर्भातली तापीला मिळते, आणि येलदरी-सिद्धेश्वर धरणे जिच्यावर आहेत ती आपली पूर्णा गोदावरीला. टीव्हीवरच्या चिठ्ठीवर ‘तापी’ लिहिलेले असले आणि आपल्या मुलीने ‘गोदावरी’ म्हटले, तर भोंगा तिच्यावर वाजेल. तिला उत्तर येते आहे. प्रश्न अर्धवट आहे. ‘कोणती पूर्णा?’ असे उलट विचारण्याची हिंमत त्या मुलीत असली पाहिजे, आणि ती हिंमत वर्गातच येते किंवा वर्गातच मरते.

पुढे मोठेपणी हीच गोष्ट पोटापाण्याशी येऊन भिडते. धरणाचे पाणी कोणाच्या कालव्याला किती सोडायचे, याच्या बैठका होतात. साहेब टेबलावर नकाशा पसरतात. ज्याला त्या कागदावर आपले गाव आणि आपला नाला सापडतो, तो पुढे वाकून बोट ठेवतो आणि बोलतो. ज्याला सापडत नाही, तो शेताची खडान्‌खडा माहिती असूनही मागे उभा राहतो, आणि त्याच्या वाट्याच्या पाण्याचा निर्णय दुसरेच करतात.

पाऊस पडून गेला की एक दिवस मुलांना औंढ्याकडच्या डोंगररांगेवर न्यावे, आणि परत आल्यावर जमिनीवर अंथरलेल्या नकाशाभोवती बसवावे. दोन मुलांना दोन थेंब करावे. एक थेंब डोंगराच्या दक्षिणेकडून उतरला. त्याने पूर्णेवरून बोट न्यावे, गोदावरीत पडावे आणि नांदेडवरून पुढे जावे. दुसरा उत्तरेकडून उतरला. त्याने कयाधूत पडावे, मग पैनगंगेत, मग वर्धेत, मग प्राणहितेत. हळूहळू न्या म्हणावे, घाई करू नका. एकाच डोंगरावर पडून पाठ फिरवून निघालेली ती दोन बोटे गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचापाशी, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे एकमेकांना लागतात. दोन्हींपैकी एक बोट मागच्या बाकावरच्या मुलाचे असावे.